साखर नॉर्मल आली म्हणून हरखू नकोस

वैशू, काल रात्री तू रिपोर्टचे फोटो पाठवलेस आणि खाली विचारलंस, "ताई, ग्रेड वन फॅटी लिव्हर लिहिलंय, पण शुगर नॉर्मल आहे. मग काही टेन्शन नाही ना?" रात्री साडेअकराला मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. आता सकाळी, डोकं शांत असताना सांगते.

घाबरू नकोस. पण साखर नॉर्मल आहे म्हणून यकृतातली चरबी सोडून द्यायची, हा हिशेब चुकतोय. तुझी साखर नॉर्मल ठेवायला तुझं स्वादुपिंड सध्या किती राबतंय, ते त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. आणि यकृतात जी चरबी दिसली आहे, ती बऱ्याच अंशी त्याच राबण्यातून आली आहे.

लॅबच्या काउंटरवर मी हे रोज बघते. लोक लिफाफा उघडतात, साखरेच्या आकड्यावर बोट ठेवतात, हुश्श करतात आणि सोनोग्राफीचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकतात. फॅटी लिव्हर काय, सगळ्यांनाच असतं हो! ते अगदीच खोटं नाही. एम्सच्या डॉक्टरांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये जो अंदाज मांडला, त्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे निघालं. त्याआधी २००७ मध्ये डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रेल्वे वसाहतींमधल्या लोकांची तपासणी करून जे छापलं, त्यात विशीपुढच्यांमध्ये ते १९ टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत, त्यामुळे दुप्पट झालं असं मी म्हणणार नाही. पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा आजार मधुमेह, कर्करोग, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घातला, तो काही उगाच नाही.

आता जरा पोटातला भूगोल. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं. जेमतेम वीतभर लांब, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. यकृत त्याच्या पंधरापट तरी जड. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचकरस करण्यात गुंतलेला असतो. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बेटं त्यात विखुरलेली असतात आणि ती सगळी मिळून त्याच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. मागे दडलेलं असल्यामुळे सोनोग्राफीत ते धड दिसतही नाही. तुझ्या रिपोर्टात पॅन्क्रियाजच्या ओळीत 'टेल ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस' असं लिहिलंय ना? आतड्यातल्या गॅसमुळे शेपटाकडचा भाग दिसला नाही, इतकाच त्याचा अर्थ. ते वाचून गूगल करत बसू नकोस.

या बेटांमधून निघालेलं इन्सुलिन एकदम अंगभर जात नाही. ते आधी पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून यकृतात उतरतं. वर्सोवा-अंधेरीकडून आलेली मेट्रोची गर्दी जशी आधी आपल्या घाटकोपर स्टेशनच्या पुलावर आदळते आणि मग ठाण्याकडे, सीएसएमटीकडे पांगते, तसंच. आलेल्यातलं जवळजवळ निम्मं इन्सुलिन यकृत पहिल्याच फेरीत वापरून संपवतं, उरलेलं पुढे स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना मिळतं. म्हणजे हाताच्या शिरेतून आम्ही जे रक्त काढतो, त्यात दिसतं त्याहून कितीतरी जास्त इन्सुलिन यकृत झेलत असतं.

वजन वाढतं, विशेषतः पोटावर, तेव्हा स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात. साखर रक्तात रेंगाळायला लागते. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि साखर खाली आणतं. रिपोर्ट नॉर्मल! हे वर्षानुवर्षं चालू शकतं, आणि त्या सगळ्या वर्षांत यकृतावर इन्सुलिनचा मारा चालूच असतो.

इथे एक विचित्र गोष्ट घडते, आणि मला विचारशील तर सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे आहे. इन्सुलिन यकृताला दोन हुकूम देतं. एक, तू स्वतः साखर बनवणं थांबव. दोन, आलेल्या जादा साखरेची चरबी करून ठेव. दाद न देणारं यकृत पहिला हुकूम धुडकावतं आणि दुसरा मात्र निमूट पाळतं. त्यामुळे साखरही बनत राहते आणि चरबीही साठत राहते. कोलेस्टेरॉलच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले ब्राउन आणि गोल्डस्टीन, त्यांनीच २००८ मध्ये या विसंगतीवर नेमकं बोट ठेवलं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा फार दुर्मीळ रुग्णांमध्ये सापडला. काही जणांच्या पेशींवर इन्सुलिन जिथे जोडलं जातं ती जागाच जन्मतः बिघडलेली असते. त्यांचं यकृत इन्सुलिनचा कुठलाच हुकूम घेत नाही. रक्तात इन्सुलिन प्रचंड, मधुमेह होतो, पण यकृत चरबीने भरत नाही! केंब्रिजच्या संशोधकांनी हे २००९ मध्ये दाखवलं. दुसरा हुकूमही पोचला नाही, म्हणून यकृत वाचलं. कॅनडात तर २०१२ मध्ये इन्सुलिनची जनुकं कमी केलेले उंदीर घेतले आणि त्यांना चरबीचं खाणं भरपूर दिलं, तरी ते लठ्ठ झाले नाहीत. उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही, पण वजन वाढल्यामुळे इन्सुलिन वाढतं हे जसं खरं, तसं वाढलेलं इन्सुलिन वजन वाढवायला हातभार लावतं हेही असू शकतं, असं मानायला जागा आहे.

पण हे ऐकून इन्सुलिनला खलनायक करू नकोस. आपल्या आत्याला इंजेक्शन घ्यावं लागतं, तिच्याकडे जाऊन काही भलतं बोलू नकोस. तिचं स्वादुपिंड थकलंय, तिला ते बाहेरून मिळायलाच हवं. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुझं अजून थकलेलं नाही, ते ओव्हरटाइम करतंय.

तू म्हणशील, मी तर भाजीला तेल चमच्याने मोजून घालते, मग चरबी आली कुठून? २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने यकृताचा तुकडा तपासायचा ठरलेल्या नऊ लठ्ठ रुग्णांवर हेच शोधलं. आधी काही दिवस त्यांच्या अन्नात आणि रक्तात खूण केलेले अणू सोडले, आणि यकृतातल्या चरबीत ते किती सापडतात ते मोजलं. जवळजवळ ५९ टक्के चरबी अंगावरच्या साठ्यातून वाहत आलेली होती. २६ टक्के यकृताने साखर-पिठापासून स्वतः तयार केलेली. थेट जेवणातल्या तेलातुपातून आलेली फक्त १५ टक्के. अंगावरची चरबी जागच्या जागी धरून ठेवणं हेही इन्सुलिनचंच काम, पण चरबीच्या पेशी भरून ओसंडायला लागल्या की त्याही ऐकत नाहीत, आणि ते सगळं पुन्हा यकृताच्या दारात. मग भाजीतल्या तेलावर डोळा ठेवून चार वाजता दोन चमचे साखरेचा चहा आणि बशीभर बिस्किटं, याला काय म्हणायचं तूच ठरव.

"पण ताई, मी काही एवढी जाडी नाही," हे तुझं पुढचं वाक्य मला पाठ आहे. त्यासाठी पुण्याला चल. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. बघायला दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! स्वतःलाच नमुना करून दाखवणारा माणूस मला फार आवडतो. त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवलाय. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. हातपाय काड्या, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. पुण्यातल्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिनही जास्त सापडलं. म्हणजे आपल्याकडे ही तयारी पाळण्यात पडण्याआधीपासूनच सुरू असते.

म्हणून आपल्या लोकांसाठी मापंही वेगळी धरतात. बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, म्हणजे साडेएकतीस इंच. शिंप्याची टेप घे आणि बेंबीच्या पातळीला श्वास सोडून माप. ओढणीखाली पोट लपतं, टेपखाली नाही.

आणखी एक सांगू? तुझी मान. तुझ्या ओवीच्या वाढदिवसाच्या फोटोंत मला दिसली, तू लिंबू आणि बेसन चोळून चोळून ती लाल केलीस ते वेगळंच. मानेच्या मागे, काखेत जी काळी, मखमली जाड कातडी होते, ती मळ नसते गं. रक्तात सतत जादा इन्सुलिन असलं की कातडीच्या पेशी वाढायला लागतात. इन्सुलिन खाली आलं की ती हळूहळू आपोआप उजळते. घासून काही होत नाही. तुझी कॉलेजपासूनची अनियमित पाळी आणि पीसीओएसही त्याच घरातली. जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं, आणि पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये फॅटी लिव्हरही जास्त आढळतं. त्वचेचा डॉक्टर वेगळा, बायकांचा वेगळा, पोटाचा वेगळा, म्हणून आपल्याला ही तीन दुखणी वाटतात.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं स्वादुपिंड यकृताला छळतं असं नाही. यकृत गच्च भरलं की ते चरबी रक्तात सोडायला लागतं. तुझे ट्रायग्लिसराइड्स वाढलेत आणि एचडीएल कमी आहे, ते त्यामुळेच. ती चरबी थोडीथोडी स्वादुपिंडातही जाऊन बसते आणि इन्सुलिनच्या पेशींना सुस्त करते. न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २००८ मध्ये असं मांडलं की ही दोन चक्रं एकमेकांना फिरवत राहतात आणि शेवटी टाइप २ मधुमेह होतो. नुसतं मांडून थांबले नाहीत. २०११ मध्ये ११ मधुमेही लोकांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरीवर ठेवलं. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. स्वादुपिंडाने वेळ घेतला, ते आठ आठवड्यांत हळूहळू सुधारलं. पुढे त्यांनी मोजलं, तर इन्सुलिन पुन्हा नीट सुटायला स्वादुपिंडातून जी चरबी जावी लागली, ती एक ग्रॅमपेक्षाही कमी भरली. एक ग्रॅम!

पुढे ब्रिटनमधल्या साध्या दवाखान्यांतून मोठी चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आले. वजन उतरवलेल्या गटात वर्षभराने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय मागे हटला. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात ८६ टक्के. २०२३ मध्ये बारीक अंगाच्या मधुमेहींवरही हेच करून बघितलं, तिथे वीसपैकी १४ जण सुटले. टेलर म्हणतात, चरबी पेलायची प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते. आपली, याज्ञिकांच्या त्या फोटोवरून दिसतं तशी, बरीच खाली आहे. तू मात्र घरी बसून सहाशे कॅलरीचं खूळ काढू नकोस. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचं काम आहे.

तुला इतकं कठोर काही करायचंच नाही. वजनाच्या पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांत सूजही ओसरते. तू ६८ किलोची आहेस, म्हणजे पावणेपाच ते सात किलो. सहा महिने घे, वर्ष घे.

सुरुवात कर ती पिण्यापासून. थंड पेयं, बाटलीतले ज्यूस, उसाचा रस, मे महिन्यातला वाटीवर वाटी आमरस. या सगळ्यातल्या साखरेतलं फ्रुक्टोज बहुतेक सगळं यकृताच्याच वाट्याला येतं आणि तिथे त्याची सहज चरबी होते. आंबा खा, चिरून, एखादा. रस नको. चहाची साखर अर्धी कर, मग आणखी अर्धी. संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स, रात्री मोदक, हा उपास स्वादुपिंडाच्या दृष्टीने लग्नाचं जेवण आहे. सासूबाईंना सांग, त्या दिवशी भगर थोडीशी, दाण्याची आमटी, दही-काकडी. ऐकतील त्या. नाही ऐकल्या तर त्यांचं त्यांना करू दे, तुझ्या ताटात तू बघ.

जेवणात पोळी-भात कमी आणि उसळ, आमटी, अंडं, मासे जास्त. दोन पोळ्या आणि वर भात, दोन्ही एका ताटात कशाला? वल्लभबागच्या खाऊगल्लीवर मी बंदी घालणार नाही, मलाही तो चीज ओतलेला डोसा आवडतो. पण तुम्ही दर शुक्रवारी जाता, शिवाय फरसाणच्या दुकानातून रविवारचा फाफडा-जिलबी येते ती वेगळी. महिन्यातून एकदा जा आणि एकच डोसा तिघांत खा. आणि रात्रीचं जेवण! प्रशांतराव लोकलने साडेनऊला येतात म्हणून तू साडेदहाला जेवतेस आणि अकराला आडवी. तू आणि ओवी आठला जेवा, त्यांच्याबरोबर नुसती बस.

जेवल्यावर चाल. गारोडिया नगरच्या नव्वद फुटी रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं, किंवा सकाळी अत्रे मैदानात. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात, तेवढं स्वादुपिंडाचं काम वाचतं. येलमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये तरुण, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या लोकांकडून एकदाच पाऊण तास व्यायाम करून घेतला; त्यानंतरच्या जेवणातून यकृतात बनणारी नवी चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली. एका व्यायामात! आणि नुसतं चालून भागणार नाही, जोरही हवा. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठबस, भिंतीवर दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं. पंतनगरच्या जुन्या म्हाडा इमारतीत आई भाजीची पिशवी घेऊन दिवसातून चारदा जिने चढायची. पुनर्विकासात आपल्याला टॉवर मिळाला, लिफ्ट मिळाली आणि पोट सुटलं. तिसऱ्या मजल्यावरच उतर आणि पुढचे जिने चढ.

आता काय करायचं नाही ते. तुझ्या किटी ग्रुपमधली 'लिव्हर डिटॉक्स'ची पावडर घेऊ नकोस, आणि गुळवेलीचा काढा तर मुळीच नको. करोनाच्या काळात तो पिऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद त्यांचा, यकृत तुझं. वजन उतरवायच्या त्या नव्या इंजेक्शनांचंही तसंच. ती खरी औषधं आहेत, काहींना फार उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांनी लिहून द्यायची असतात, जिममधल्या मुलाने नाही. दारूचा एखादा घोटही सध्या नको.

यकृताचं एसजीपीटी नॉर्मल आलंय म्हणूनही निर्धास्त राहू नकोस, फॅटी लिव्हर असून ते नॉर्मल असू शकतं. डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. एचबीएवनसी केलंय का, ५.७ ते ६.४ मध्ये आलं तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि एफआयबी-४ किती आहे. त्याला वेगळी तपासणी लागत नाही, तुझं वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांवरून तो आकडा निघतो. १.३ च्या आत असेल तर यकृतात व्रण धरल्याची शक्यता कमी. जास्त असेल तर फायब्रोस्कॅन करायचा. उपाशीपोटी इन्सुलिन मोजून घेऊ का, असं विचारशील. मी लॅबमध्ये काम करते तरी सांगते, उगाच पैसे घालवू नकोस. लॅबगणिक आकडे बदलतात आणि तुझी कंबर, मान, ट्रायग्लिसराइड्स यांनी उत्तर आधीच दिलंय. खाजगीत परवडत नसेल तर राजावाडी रुग्णालयात केसपेपर काढ, त्यात कमीपणा काही नाही.

शनिवारी सकाळी माझ्या लॅबमध्ये ये. शुक्रवारी रात्री नऊनंतर काही खाऊ नकोस, पाणी चालेल, चहा नाही. आणि प्रशांतरावांनाही बरोबर आण. पुरुषांच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आहे, आणि त्यांनी ती केव्हाच ओलांडलीय.